आमच्या म्हशीचे बारा काळ

आमच्या म्हशीला इंग्रजीतले बाराही काळ येतात. मला दहाच यायचे. उरलेले दोन मी तिच्याकडून शिकलो असं म्हटलं की लोक हसतात, म्हणून हल्ली मी म्हणत नाही. पण वस्तुस्थिती तीच आहे.

म्हशीचं नाव चिमणी. (नाव ठेवलं तेव्हा ती चार दिवसांची पारडी होती. आता गोठ्याच्या दारातून बाहेर काढताना तिला थोडं तिरकं वळवावं लागतं.) वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत आमचं घर आहे. घरात आबा, म्हणजे माझे वडील, माझी बायको सुरेखा आणि मी. आबा शेती बघतात, सुरेखा आबांना बघते आणि मी भरती बघतो. गेली बारा वर्षं बघत होतो! ग्रामसेवक झालं, वनरक्षक झालं, लिपिक तर चार वेळा झालं. प्रत्येक वेळी मी यादीच्या इतका जवळ जायचो की गावात पेढे आणायची चर्चा सुरू व्हायची, आणि प्रत्येक वेळी इंग्रजी आडवी यायची. पंचवीसपैकी सहा, पंचवीसपैकी सात, एकदा तर चार. (त्या चारांतले दोन मी डोळे मिटून टिक केले होते.)

आणि या वर्षी शेवटची संधी होती. परीक्षेच्या पुढच्याच महिन्यात मी वयाच्या अटीतून कायमचा बाहेर पडणार होतो. आबा याला ‘दत्त्याची मुदत संपाया आली’ म्हणायचे, औषधाच्या बाटलीबद्दल बोलावं तसं. मी वरवर हसायचो. आतून मात्र धाबं दणाणलं होतं.

अभ्यासाला वेळ कुठून आणायचा? सकाळ-संध्याकाळ चिमणीची धार माझ्याकडे होती. मग मी डोकं चालवलं (इथंच सगळं बिघडलं) आणि ठरवलं की धार काढता काढता इंग्रजी पाठ करायचं. दोन्ही हात कामात, तोंड रिकामं. सुरुवात काळांपासून केली आणि क्रियापद घेतलं ते समोरचंच. ‘आय मिल्क, आय ॲम मिल्किंग, आय हॅव मिल्क्ड, आय हॅव बीन मिल्किंग!’ नुसतं म्हणून लक्षात राहीना, म्हणून आमच्या वाडीतल्या भजनाची चाल लावली. डाव्या हाताला साधा काळ, उजव्या हाताला चालू काळ. बारा काळ झाले की शब्दार्थ. ‘रिलक्टंट म्हणजे नाखूश, ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, जनरस म्हणजे उदार.’ बादली भरेपर्यंत साठ शब्द व्हायचे.

पहिल्या दिवशी आबा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

“दत्त्या, काय घालतुयास तिच्या कानात?”

“इंग्रजी व्याकरण, आबा.”

“आटंल ती!”

आटली नाही. उलट महिन्याभरात अर्धा लिटर जास्त द्यायला लागली. तेव्हापासून आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, “आमच्या म्हशीला इंग्रजी मानवलंय.” मलाही मानवलं होतं. सहा महिन्यांत माझी तयारी अशी झाली की झोपेतून उठवलं तरी मी पूर्ण भूतकाळ घडाघडा म्हणून दाखवला असता. (सुरेखानं उठवून पाहिलं. मी म्हणून दाखवला. तिला ते फारसं आवडलं नाही.)

परीक्षेचं केंद्र आलं भोरला. सकाळी दहाचा पेपर, साडेनऊला फाटक बंद. वेल्ह्याहून सकाळच्या एसटीचा काही भरवसा नाही, म्हणून मी आदल्या दिवशी दुपारीच निघून कामथडीला मावशीकडे मुक्कामाला गेलो. निघताना सुरेखानं हातावर दही दिलं, आबांनी पाठीवर हात ठेवला, आणि दोन्ही वेळची धार कोण काढणार हा प्रश्न कुणालाही पडला नाही. त्यात काय पडायचं? घरात दोन माणसं होती, आठ बोटं नि दोन अंगठे प्रत्येकी.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आत मी भोरला केंद्राच्या फाटकापुढं हजर! प्रवेशपत्र खिशात, दोन पेनं, डोक्यात बारा काळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी निर्धास्त होतो. मोबाईल फाटकावर जमा करायचा होता, म्हणून बंद करायला काढला आणि तेवढ्यात तो वाजला. सुरेखा.

“अवं, पोचलासा न्हवं?”

“पोचलो. काय झालं?”

“काय न्हाई. पेपर नीट लिवा.”

“मग फोन कशाला केलास?”

“काय न्हाई म्हणते न्हवं.” मग हळूच, “चिमणीनं काल सांजच्यापास्नं धार दिली न्हाई.”

मी खोदून विचारलं. मग एकेक बाहेर आलं. काल संध्याकाळी सुरेखा बादली घेऊन बसली, तर चिमणीनं पान्हा चोरला. मग तिनं माझा शर्ट घातला, माझी पँट घातली, माझी टोपीही घातली. चिमणीनं शर्ट हुंगला, क्षणभर खूश झाली, मग मान वळवून वर तोंड पाहिलं आणि बादली लाथेनं उडवली. आबांनी चिमणीची पारडी प्यायला सोडली. पारडीनं ढुशा देऊन देऊन स्वतःच दमून बसकण मारली. शेवटी सुरेखानं माझी वही आणून काळ वाचले.

“समदं वाचलं बगा, आय मिल्कपास्नं. पर तुमच्यावानी चाल येत न्हाई मला. ती कान टवकारती आन मग तोंड फिरवती.”

“कालच का नाही सांगितलंस?”

“तुमची परीक्षा म्हणून आबा म्हणलं, त्याला तरास नगं!”

तेवढ्यात आबांनी फोन हिसकावला. “दत्त्या, कास दगडागत झालीया! आता ताप भरला तर सड निकामी हुतील बग. सोन्यासारखं जनावार जाईल हातचं. पाच मिंटं म्हण की तुजं ते.”

मी घड्याळ बघितलं. नऊ वाजून पाच मिनिटं. पाच मिनिटांनी काय बिघडणार? “लावा फोन तिच्या कानाला,” मी म्हणालो.

“लावला आसता, पर आमी चढावर हाय, पान्याच्या टाकीपाशी. रेंज हितंच येती.”

“आणि म्हैस?”

“म्हस गोठ्यात.”

“मग आणा की तिला चढावर!”

चिमणीला चढ आवडत नाही हे आबांनाही ठाऊक होतं, मलाही. पुढची दहा मिनिटं मी भोरच्या रस्त्यावर उभा राहून कानाला फोन लावून नुसते आवाज ऐकले. “ढकल की!” “शिंगं धरू नगंस!” “पेंड दाव, पेंड!” कुणाची तरी चप्पल तुटली. अर्धी वाडी मदतीला आली असावी, कारण सल्ले फार ऐकू येत होते. इकडे फाटकातून उमेदवार एकेक करून आत जात होते.

सव्वानऊला आबांचा धापा टाकणारा आवाज आला. “आली! म्हण आता!”

आता विचार करा. परीक्षा केंद्राचं फाटक. शे-दीडशे उमेदवार. त्यांच्यात एक सदतीस वर्षांचा, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ डोळे मिटून, मोबाईलमध्ये तोंड घालून, भजनाच्या चालीत इंग्रजी काळ गातोय! पहिल्या ओळीला आवाज फुटेना. पण पलीकडून चिमणीचा एक लांब सुस्कारा ऐकू आला आणि मग मला लाज राहिली नाही. मी टिपेला गेलो. ‘आय हॅव मिल्क्ड, आय हॅव बीन मिल्किंग!’

डोळे उघडले तर भोवती कोंडाळं. चौघा-पाचजणांनी वह्या काढल्या होत्या.

“दादा, जरा सावकाश,” एकजण म्हणाला. “कुठल्या क्लासचं आहे हे?”

“सर, हॅड बीन नक्की येणारच का?” एका मुलीनं विचारलं.

मी मानेनंच नाही म्हणालो, तर तिनं त्याच्यापुढं ‘येणार’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. मी शब्दार्थांवर आलो. ‘रिलक्टंट म्हणजे नाखूश!’ पाच पेनं चालू लागली. मागचे पुढच्यांना विचारायला लागले, पुढचे मागच्यांना सांगेनात. ‘पेपर फुटला’ हा शब्द मी ऐकला तेव्हा तो माझ्यापर्यंत तीन माणसं ओलांडून आला होता.

गर्दी बाजूला झाली आणि समोर हवालदार उभे.

“काय चाललंय?”

मी तोंड उघडायच्या आत मोबाईलमधून आबा ओरडले, आणि आबांचा आवाज तिकडून मोबाईलशिवायही भोरला आला असता! “आला रं, आला! थांबू नगंस! दोन झालं, दोन राहिलं!”

हवालदारांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. “कोण बोलतंय?”

“तू कोन?”

“पोलीस! किती माणसं आहात तिकडं?”

“समदी वाडी हाय की हितं!” आबा अभिमानानं म्हणाले.

हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की बारा वर्षांची भरती माझ्या डोळ्यांपुढून गेली. माझा दंड धरून त्यांनी मला भिंतीकडेला नेलं. “पेपर कुणाला सांगतोयस? आत कोण बसलंय तुझं? नाव सांग.”

“साहेब, ती म्हैस आहे.”

“म्हैस? हा कोडवर्ड का?”

“नाही साहेब, खरी म्हैस! काळी, दुसऱ्या वेताची. इंग्रजी ऐकल्याशिवाय धार देत नाही.”

माझ्या तोंडून बाहेर पडल्यावरच ते वाक्य मला नीट ऐकू आलं. एखाद्या पेपरफोड्यानंही यापेक्षा बरी थाप मारली असती. तिकडे शिपाई फाटकाचं एक दार लोटत ओरडला, “पाच मिनिटं राहिली! पाच मिनिटं!” आज नुसतं बाहेर राहिलो तरी सगळं संपलं, आणि गुन्हा नोंदला तर सुरेखाच्या माहेरापर्यंत बातमी. मी हात जोडले. “साहेब, माझी शेवटची परीक्षा आहे. वय संपतंय. पाया पडतो. तुम्ही फोन कानाला लावा, मी म्हणतो. तुम्हीच ऐका.”

त्यांनी बराच वेळ (म्हणजे पाच-सात सेकंद, पण त्या दिवशी सेकंदही मोठे होते) माझ्याकडे बघितलं आणि फोन कानाला लावला. “म्हण.”

फोनच्या दिशेला मान वाकडी करून मी गायलो. ‘आय हॅड मिल्क्ड, आय हॅड बीन मिल्किंग.’ हवालदारांच्या भुवया वर गेल्या. “थांब.” मी थांबलो. “म्हण.” मी म्हणालो. “थांब.” असं तीनदा झालं. तिकडे बादलीत पडणारी धार माझ्याबरोबर सुरू होत होती आणि माझ्याबरोबर थांबत होती. त्यांचा चेहरा हळूहळू पोलिसाचा राहिला नाही, शेतकऱ्याचा झाला.

“तिसऱ्यांदा जरा जोरात सोडली,” ते म्हणाले.

“तो पूर्ण भूतकाळ तिचा आवडता आहे, साहेब.”

“माझीही गावाकडं, शिवऱ्याला, एक म्हैस आहे. तिला रेडिओ लागतो. बातम्या नाही चालत, गाणीच.” मग एकदम आवाज चढला. “पण लेका, रेकॉर्ड करून ठेवायचं की घरी! एवढा मोबाईल आहे!”

सहा महिन्यांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आबांच्या नाही, सुरेखाच्या नाही, वाडीतल्या एकाच्याही नाही.

“आणि सरकारी नोकरी करणार तू?” ते म्हणाले. “पळ आत. मोबाईल राहू दे माझ्याकडं, परीक्षा झाली की ने.”

“पण साहेब, दोन सड राहिले...”

“एवढा वेळ ऐकतोय न्हवं मी? पळ!”

मी पळालो. फाटकाचं दुसरं दार मिटता मिटता मी आत घुसलो, खांदा सोलला, पण घुसलो. मागं वळून पाहिलं तर भिंतीकडेला, वर्दीतले हवालदार टोपी काखेत धरून फोनमध्ये गात होते. चाल बरोबर होती. उच्चार माझ्यापेक्षा बरे होते. (चिमणीनं त्यांना पाव लिटर जास्त दिलं, हे आबांनी मला पुढं बऱ्याचदा सांगितलं.)

बाकावर बसलो, देवाचं नाव घेतलं आणि पेपर उघडला. आधी इंग्रजीच घेतलं. एवढं कमावलेलं, ते गरम असतानाच वाढावं! पहिला प्रश्न: रिलक्टंट. माझा शब्द! आणि अर्थ आठवेना. दुसरा प्रश्न काळाचा. तोही आठवेना! सगळं पाठ होतं, जिभेच्या टोकापर्यंत येत होतं आणि तिथंच अडत होतं. मी पाणी प्यायलो. भजनाची चाल मनात धरली. काही उपयोग नाही. घामानं पेन निसटायला लागलं, आणि मग मला जे उमगलं त्यानं अंगावर काटा आला. सवय एकट्या म्हशीला लागलेली नव्हती!

मी हळूच दोन्ही हात बाकाखाली नेले. मुठी वळल्या. डावी, उजवी. डावी, उजवी. नाखूश! हट्टी! उदार! काय सांगू तुम्हाला, धार लागली.

“खाली काय चाललंय?” पर्यवेक्षक बाई धावत आल्या. बाकाखाली वाकून पाहिलं, माझे खिसे पाहिले, मोजे काढायला लावले. काही सापडलं नाही. “हात वर ठेवा. दिसले पाहिजेत मला.”

मग हात वर ठेवूनच सुरू केलं. हवेत. एक उत्तर यायला चार वेळा डावी, चार वेळा उजवी; मग पेन उचलायचं, गोल काळा करायचा, पेन ठेवायचं, परत मुठी. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं आपला बाक भिंतीला लावून घेतला. पण इंग्रजीचे पंचवीसच्या पंचवीस प्रश्न मी सोडवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला प्रत्येकाची खात्री होती. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. घड्याळाकडे मात्र पाहिलं नव्हतं. ते पाहिलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळ गेला होता. गणित पळत केलं, सामान्य ज्ञान त्याहून पळत. मराठी शेवटी ठेवली होती. ती काय, घरचीच! तिच्या दहाव्या प्रश्नावर घंटा झाली आणि बाईंनी उत्तरपत्रिका माझ्या हाताखालून ओढली. दोन्ही मुठी तेव्हा हवेतच होत्या.

निकाल लागला. इंग्रजी पंचवीसपैकी चोवीस. मराठी पंचवीसपैकी सात. यादीत नाव नव्हतं.

वाईट वाटलं. विनोदाची गोष्ट सांगतोय म्हणून खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटलं. सुरेखानं चहा आणून ठेवला. आबा म्हणाले, “जाऊ दे. जनावार वाचलं.” त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, आणि मला हसावं की रडावं कळेना. संध्याकाळ झाली तसा मी बादली घेऊन गोठ्यात गेलो. चिमणीनं कान टवकारले. मला त्या दिवशी ‘आय मिल्क’ म्हणवेना. इंग्रजी आता कशासाठी म्हणायची?

“आरं, बोल की कायतरी तिच्यासंगं,” दारातून आबा म्हणाले. “आपल्या भाषंत बोल.”

मग मी बोललो. तिच्या पोटाला कपाळ टेकवून, माझ्या मायबोलीत, बारा वर्षांचं सगळं मन मोकळं केलं. चिमणीनं शांतपणे ऐकून घेतलं, मान वळवून एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि बादलीला लाथ घातली.

एकाच दिवसात मी मराठीत दुसऱ्यांदा नापास झालो!